‘फुकटच्या राशनने मजूर माजले’ म्हणणाऱ्यांना

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मला दोन दिवसांत चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं असं: जगात माणसं वाढली, अन्न पुरत नाही, म्हणून भूक राहणारच, फुकट राशनमुळे मजूर आळशी झाले, देवाधर्माच्या लोकांनी भजन-पूजन करावं, भूक मिटवणं त्यांचं काम नाही. पाठवणारे माझ्या जवळचेच आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

अन्न पुरत नाही हे साफ चूक आहे. जगात वर्षाला सुमारे 280 कोटी टन धान्य पिकतं आणि माणसं आहेत 800 कोटींच्या वर. भागाकार करून पाहा, माणशी रोज किलोच्या आसपास येतं. त्यातलं बरंच जनावरांच्या खाद्यात आणि इंधनात जातं. वर संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने 2022 मध्ये 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून. तरी 2024 मध्ये सुमारे 67 कोटी माणसं उपाशी होती. त्याच वर्षी सुदानमध्ये विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, तो लढाईमुळे अन्न पोचेना म्हणून.

आता राशनचं. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण हे वाक्य मी पारावरही रोज ऐकतो.

राशन माणशी महिन्याला 5 किलो मिळतं, जानेवारी 2023 पासून मोफत. म्हणजे दिवसाला 165 ग्रॅम. दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईचं त्यात दोन वेळचं भागत नाही. तेल, डाळ, भाजी, पोरांचं दूध हे सगळं मजुरीतूनच आणावं लागतं. मग काम सोडून ती घरी कशी बसेल?

मागच्या हंगामात आमच्या वावरात कापूस वेचाईला आलेल्या एका बाईचा डबा मी पाहिला. दीड भाकर आणि मिरचीचा ठेचा. अर्धी भाकर तिने परत फडक्यात बांधली. विचारलं तर म्हणाली, “पोरगी शाळेतून येईन न भाऊ, तिच्यासाठी.” मग ओटी बांधली आणि पुन्हा पऱ्हाटीत शिरली, ऊन उतरेपर्यंत. वेचाई किलोवर असते, ज्या दिवशी वेचलं नाही त्या दिवशी पैसे नाहीत. हिला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि राशन फक्त मजूरच खातात का? आपल्या आजोबांच्या वेळी घरात ज्वारीची कणगी भरलेली असायची. आता वावरभर पऱ्हाटी आणि सोयाबीन, घरात खायचा दाणा विकतचा. म्हणून तर 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य सुरू करावं लागलं. त्यात अमरावती विभागाचे पाचही जिल्हे होते, वर्धाही होता. त्या रांगेत आपण उभे राहिलो होतो. तेव्हा आपण माजलो होतो का?

तिसरा मुद्दा वाचून मात्र मन फार दुखलं. शेगावात 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांच्या दशसूत्रीची सुरुवातच ‘भुकेलेल्यांना अन्न’ अशी आहे. गुरुद्वारातलं लंगर, मुसलमानांची गरिबांसाठी काढलेली जकात, ख्रिस्ती प्रार्थनेतली ‘रोजची भाकर’, कुठल्या धर्माने भूक आपली नाही म्हटलं? पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर 2013 मध्ये सर्वांसाठी अन्न ही हाक दिली, तेव्हा 2025 पर्यंत भूक संपवायचं ठरलं होतं. ते झालं नाही, हे खरं. पण उपाशी लोकांचं प्रमाण 2022 पेक्षा 2024 मध्ये कमी झालं, हेही तितकंच खरं आहे. राहणारच म्हणून हात झटकण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्या गावात प्रकटदिनाचा भंडारा मोठा होतो. तो माघात येतो, तेव्हा वेचाई संपत आलेली असते. खरी चणचण त्यानंतर, पेरणी लागेपर्यंत. म्हणून समितीच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे की यंदा बुंदी कमी करू आणि त्या पैशाची तूरडाळ घेऊन ठेवू. चैत-वैशाखात ज्यांच्या हाताला काम नसेल, त्या घरांत ती पोचवू. डाळ नेऊन द्यायला मी येतो, आणखी दोघं-तिघं हवेत.