हळद, साबण आणि जर्मनीचे ऊन

सांगलीतून परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला उपदेश करण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला असतो आणि त्यासाठी उपदेश करणाऱ्याने मिरजेच्या पलीकडे पाऊल टाकलेले असलेच पाहिजे, अशी अट नसते. 2024 च्या ऑक्टोबरात मी जर्मनीतल्या माग्देबुर्ग या शहरी पुढचे शिक्षण घ्यायला निघालो, तेव्हा थंडीत कान कसे बांधावेत इथपासून गोऱ्या मुलींशी कितपत बोलावे इथपर्यंत सर्व विषयांवर माझे प्रबोधन झाले. हळद जपून हाताळ, एवढे मात्र कोणीही सांगितले नाही. सांगलीच्या मुलाला हळदीविषयी सांगायचे म्हणजे कोल्हापूरकराला रस्सा कसा भुरकावा हे शिकवण्यासारखे आहे.

त्यातून माझे वडील मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरात एखाद्याला सरकारी नोकरी लागल्यासारखे पेढे वाटले गेले होते. साहजिकच माझ्या दोन्ही बॅगांचे वजन घरच्या स्प्रिंगच्या काट्यावर न होता दुकानातल्या तोलकाट्यावर झाले. ज्या काट्यावर हळदीची पोती चढतात, त्यावर माझे स्वेटर चढले आणि हमालमामांनी सवयीने ‘बारदान धरून बावीस आठशे!’ असा पुकारा केला. विमानकंपनीची मर्यादा 23 किलोंची होती. उरलेल्या 200 ग्रॅमांत काय बसवावे, यावर पाऊण तास चर्चा झाली.

त्या चर्चेत आत्याने आठवडाभर लोणी साठवून कढवलेले साजूक तूप बाद झाले, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. ‘तुपाने त्यांचं काय वाकडं होणार आहे?’ या आत्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तुपाच्या जागी भडंगाची आणखी एक पिशवी आली. राजापुरी हळदीची किलोभर पूड मात्र वडिलांनी वजनाआधीच स्वतः तीन पिशव्यांत गुंडाळून कपड्यांच्या मधोमध, अंधारात ठेवली होती आणि बजावले होते, ‘हिला ऊन दाखवायचं नाही. दळलेल्या हळदीचा रंग उन्हाने उडतो.’ एके काळी हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षे हळद राखणाऱ्या परिसरातल्या माणसाचे ते बोल होते. मी मान डोलावली. ते वाक्य पुढे किती कामाला येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पैशांचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण तो आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवण्यासाठी तेव्हा वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे त्या वेळचे जवळपास 11 लाख रुपये, एका बंद खात्यात आधीच भरून दाखवावे लागत होते आणि तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला 992 युरोच हाती पडत होते. उचल देण्याघेण्याच्या व्यवहारात हयात घालवलेल्या माझ्या वडिलांना, आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने देणारा हा व्यवहार शेवटपर्यंत पटला नाही.

मी माग्देबुर्गला पोहोचलो तो शनिवारी संध्याकाळी, आणि ही माझी पहिली चूक होती. जर्मनीत रविवारी किराणा दुकाने बंद असतात, म्हणजे अर्धे शटर ओढून मागच्या दाराने साखर देण्याइतपत बंद नव्हे, तर कायद्याने आणि कुलपाने बंद. आमच्या चौघांच्या सामाईक घरातला कानपूरचा मुलगा मला हे रविवारी सकाळी सांगत होता, तेव्हा माझ्याजवळ खाण्याजोगे फक्त भडंग होते. नाश्त्याला मी भडंग खाल्ले, दुपारी बदल म्हणून भडंगात शेंगदाणे जास्त येतील अशा बेताने पुन्हा भडंगच खाल्ले आणि संध्याकाळी मात्र बॅगेतले तांदूळ आणि मुगाची डाळ काढून खिचडी टाकायचे ठरवले.

स्वयंपाकघर सुरेख होते आणि त्यातला ओटा इतका पांढरा होता की त्यावर कांदा चिरायलाही संकोच वाटावा. कानपूरकराने दोन सूचना केल्या. छतावरची ती पांढरी तबकडी धूर ओळखते आणि फोडणीचा वास लागला की सगळी इमारत जागी करते, ही पहिली. म्हणून तेल तापवण्याआधी खिडकी उघड, ही दुसरी. तो स्वतः फोडणी करताना त्या तबकडीला न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी घालत असे, पण हा मार्ग मला गैर वाटला. मी मोहरी, जिरे आणि हळदीची उघडी पिशवी ओट्यावर मांडून ठेवली आणि खिडकीकडे वळलो.

जर्मन खिडकीची मूठ आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, हे मला ठाऊक होते. मूठ त्याहून पुढे फिरवून उभी केली तर काय होते, हे ठाऊक नव्हते. तसे केले की खालची बाजू जागच्या जागी राहते आणि सगळी चौकट वरून आपल्या अंगावर कलते. ती वीतभर कलून थांबते, कारण ती तशीच बनवलेली असते; वारा यावा पण पाऊस येऊ नये, यासाठी केलेली ती सोय आहे. पण सांगलीच्या माणसाची खिडकी अंगावर येते ती फक्त पडायची असते तेव्हाच. मी ‘अगं आई गं!’ असे ओरडून दोन्ही हातांनी खिडकी झेलली आणि त्या झेलण्यात माझे उजवे कोपर हळदीच्या पिशवीला लागले.

पिशवी शांतपणे आडवी झाली. ओटा नुकताच पुसलेला असल्यामुळे ओला होता. बघता बघता जेजुरी झाली. माझ्या डोळ्यांसमोर पिवळा रंग त्या पांढऱ्या ओट्यात मुरत होता आणि मला खिडकी सोडता येत नव्हती, कारण माझ्या समजुतीप्रमाणे ती मी सोडली असती तर दोन मजले खाली कोणाचा तरी जीव गेला असता. मी सुमारे दहा मिनिटे हात वर करून उभा होतो. शेवटी घरातला जर्मन मुलगा पाणी प्यायला आला, त्याने माझ्याकडे, मग ओट्याकडे पाहिले, एका बोटाने खिडकी ढकलून मूठ खाली फिरवली आणि ‘गुटन आबेंट’, म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणून निघून गेला. ते ऐकून अंगावरून वारे गेल्यासारखे वाटले.

यापुढे मी जे केले त्याला क्षमा नाही. आईने दिलेली कपड्याच्या साबणाची वडी काढली आणि ओटा खसाखसा घासला. घरात एखादे तरी हळदीचे लग्न झालेल्या प्रत्येक मराठी माणसाला, नवरदेवाच्या पिवळ्या बंडीला साबण लावला की काय होते, हे माहीत असते. मलाही माहीत होते, पण त्या घटकेला अक्कल भडंगाबरोबर पचून गेली होती. साबणातल्या क्षाराने डाग पिवळ्याचा लालभडक झाला. व्हिएतनामहून आलेली चौथी सहनिवासी आत आली, ओटा पाहून तिने प्रथम माझ्या बोटांकडे पाहिले आणि रक्त नाही अशी खात्री झाल्यावर स्वतःच्या कपाटातून हळदीची बाटली काढून दाखवली. हळद फक्त आमचीच, या समजुतीलाही असा त्याच संध्याकाळी तडा गेला.

सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. व्हिडिओ कॉलवर आईने कपाळाला हात लावला. वडील मात्र पडद्याजवळ येऊन बराच वेळ ओटा न्याहाळत होते.

‘बाबा, लाल झालंय हो सगळं.’

‘होणारच की. हळकुंडाला चुना आणि क्षार लावूनच तर कुंकू करतात. उद्या परत पिवळं होईल, भिऊ नकोस.’

‘पण मग पिवळं कसं जाईल?’

‘त्याला काय, उन्हात ठेव.’

मी त्यांना शांतपणे दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली अशी, की ओटा भिंतीला ठोकलेला आहे. दुसरी अशी, की मी आल्यापासून येथे ऊन पाहिलेले नाही. सूर्य सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो असे मोबाईल सांगत होता, परंतु ढगांच्या मागे चाललेला तो व्यवहार माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. ‘इथं बघ ऑक्टोबरचं ऊन कसं मरणाचं आहे’, असे म्हणून वडील हळहळले. पार्सलने पाठवता आले असते, तर त्यांनी ते नक्की पाठवले असते.

आता या डागाची भीती वाटण्याचे खरे कारण सांगतो. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते आणि त्यासाठी ‘हा मनुष्य खरोखर येथे राहतो’ असा घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. आमच्या इमारतीत तो कागद हाउसमाइस्टरकडून घ्यायचा होता. हाउसमाइस्टर म्हणजे वॉचमन, प्लंबर आणि शाळेचे मुख्याध्यापक यांचे एकाच निळ्या कोटात केलेले मिश्रण असते. ज्याच्या ओट्याची मी होळी केली त्याच्याचकडे मला सही मागायची होती, आणि घर सोडताना परत मिळणारी माझी अनामत रक्कमही त्याच्याच शेऱ्यावर अवलंबून होती. त्याने मला गुरुवारी ‘हाल्ब नॉइन’ला बोलावले. तोपर्यंत डागाचा सर्वांत गडद भाग झाकण्यासाठी मी त्यावर कुकर ठेवून दिला.

हाल्ब म्हणजे अर्धा, नॉइन म्हणजे नऊ, म्हणून मी साडेनऊला कपडे करून गेलो. कार्यालयाला कुलूप होते. जर्मन भाषेत ‘अर्धा नऊ’ म्हणजे नवव्या तासातला अर्धा, अर्थात साडेआठ, हे मला पुण्याच्या वर्गात शिकवले होते आणि मी ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले होते. परत येताना जिन्यात मला आणखी लाज वाटली, कारण आपले ‘अडीच’ हे नेमके त्याच रीतीने घडलेले आहे: अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. साडेतीनचे जुने नाव औट, तेही अर्धचतुर्थ. आजोबांनी मला औटकी पाठ करून घेतली होती. जर्मन घड्याळ माझ्या आजोबांच्या पाढ्यांनी चालत होते आणि मी ते इंग्रजीत वाचत होतो.

स्वयंपाकघरात एक चिठ्ठी माझी वाट पाहत होती. त्या दिवशी सकाळी धूर ओळखणाऱ्या तबकड्यांची तपासणी असल्याची सूचना आठवडाभर दारावर लागली होती. ती कोणाचे तरी मांजर हरवल्याची असावी, असे मी समजत होतो. म्हणजे हाउसमाइस्टर येऊन गेला होता, आणि ओटा पाहून गेला होता. चिठ्ठीतले अक्षर असे होते की मोडीचा जाणकार मिळाला असता तर बरे झाले असते. कानपूरकर आणि मी शब्दकोश घेऊन बसलो. या निमित्ताने माझी एकच चलती झाली, कारण जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. तो चमचा, ती सुरी, ते ताट असे जन्मभर म्हणत आलेल्या मला त्यात काही नवल वाटत नव्हते, आणि दोन लिंगांवर वाढलेला तो बिचारा तिसऱ्यापाशी दर वेळी ठेचकाळत होता.

तासाभराने अर्थ लागला. सहीचा कागद माझ्या टपालपेटीत टाकला आहे. तबकडीला पुन्हा टोपी घातलेली दिसली तर दंड होईल. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित केलेले: ‘कुर्कुमा? साबण नको. पडदा वर ठेवा.’

कुर्कुमा म्हणजे हळद. मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला गेलो, तेव्हा कळले की त्याची बायको रोज सकाळी हळदीचे दूध पिते आणि त्यासाठी बरेच पैसे मोजते. सर्दी झाल्यावर ते दूध टाळण्यासाठी मी लहानपणी केलेल्या युक्त्या त्याला सांगण्याइतके माझे जर्मन तयार नव्हते.

नाव नोंदवले गेले. अर्जात धर्माची चौकशी होती, कारण तिथे चर्चचा सभासद म्हणून नोंद झाली की पगारातून चर्चचा कर कापला जातो. मी तो रकाना रिकामा सोडला. नोंदणी झाल्याची पहिली दखल सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीवाल्यांनी घेतली. तेव्हा घरामागे महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. हे कळल्यावर वडील एवढेच म्हणाले, ‘मग निदान बघत तरी जा.’

आणि मग एके दिवशी सकाळी ऊन पडले. तिरके, पातळ, ताकासारखे ऊन होते ते, पण आम्ही चौघेही स्वयंपाकघरात जमलो आणि पडदा पुरता वर केला. चार-पाच दिवस ते अधूनमधून येत राहिले आणि हळद खरोखरच विटत गेली. मी खूश होऊन ओट्यावरचे सामान हलवले. सगळा ओटा पांढरा झाला होता. फक्त हाउसमाइस्टरला दिसू नये म्हणून ज्यावर मी कुकर ठेवला होता, तिथे एक वाटोळे, पिवळेधमक, काठ स्पष्ट असलेले वर्तुळ जसेच्या तसे शिल्लक होते.

मी त्याचा फोटो काढून, मान खाली घालून वडिलांना पाठवला. पाच मिनिटे काही उत्तर आले नाही. मग फोन वाजला.

‘रंग बघितलास का?’ त्यांचा आवाज भरून आला होता. ‘तीन आठवडे झाले तरी कसा धरलाय! राजापुरीच आहे ती. मी यार्डातल्या ग्रुपवर टाकलाय फोटो. तू कुकर परत तिथंच ठेव.’