निव्वळ शून्याची घोषणा करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

आपल्या कंपनीने निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा करावी असे आपल्या मनात असेल, तर आधी एक शंका दूर करून घ्यावी. काही भाबडे लोक या घोषणेची शून्य कार्बनशी गल्लत करतात आणि विनाकारण घाबरतात. शून्य कार्बन ही फार अडचणीची गोष्ट आहे. तिच्यात कोळसा, तेल आणि वायू जाळणेच थांबवावे लागते, विजेचा स्रोतही तसाच स्वच्छ लागतो, आणि हिशेबाच्या कौशल्याला तेथे काहीच वाव राहत नाही. निव्वळ शून्यात मात्र धुराडे चालू ठेवता येते. जेवढे हरितगृह वायू हवेत सोडले, तेवढेच हवेतून काढून घेतले की जमाखर्च जुळतो. काढून घेणे कष्टाचे आहे. काढून घेतल्याचे दाखवणे तेवढे कष्टाचे नाही.

पहिले काम म्हणजे वर्ष निवडणे. २०५० हे वर्ष सर्वांत प्रतिष्ठित मानले जाते, कारण हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीने २०१८च्या विशेष अहवालात म्हटले होते की, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची असेल तर जगाचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०५०च्या सुमारास निव्वळ शून्यावर यायला हवे. त्याच वाक्यात असेही आहे की, २०१०च्या तुलनेत ते २०३० पर्यंतच सुमारे ४५ टक्क्यांनी घटायला हवे. परंतु लांब वाक्ये अर्ध्यावर सोडण्याची मुभा वाचकाला असतेच. २०५० उजाडेल तेव्हा आजचे संचालक मंडळ सुखाने निवृत्त झालेले असेल, हाही या वर्षाचा एक गुण आहे.

उत्सर्जन कधी कमी करायचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये याची काळजी घ्यावी. वातावरणाला शेवटच्या वर्षाचे विशेष कौतुक नसते. कार्बन डायऑक्साइडचा बराच मोठा भाग शेकडो वर्षे हवेत राहतो, म्हणून तापमान किती वाढेल हे आजवर सोडलेल्या एकूण वायूवर ठरते. समजा, दोन कंपन्या एकाच पातळीवरून निघून २०५० मध्ये शून्यावर पोहोचल्या. पहिलीने आजपासून दर वर्षी सारखी घट केली आणि दुसरीने २०४९ पर्यंत काहीही न करता अखेरच्या वर्षी सारे बंद केले, तर दुसरीने पहिलीच्या जवळपास दुप्पट वायू सोडलेला असेल. दोघींच्या फलकांवर वर्ष तेच, रंग तोच हिरवा. आपण दुसरी कंपनी व्हावे, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर हिशेबाची हद्द आखावी. प्रचलित पद्धतीत उत्सर्जनाचे तीन भाग करतात: स्वतःच्या भट्ट्यांचे, बॉयलरचे आणि वाहनांचे ते स्कोप १, विकत घेतलेल्या विजेचे स्कोप २, आणि पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतचे बाकी सगळे स्कोप ३. आपण तेल विकत असाल तर भाग्यवान आहात, कारण विकलेले तेल ग्राहक जाळतो आणि तो धूर स्कोप ३मध्ये जातो. तेल कंपन्यांच्या उत्सर्जनाचा फार मोठा हिस्सा नेमका तेथेच असतो, तेव्हा पहिल्या दोन स्कोपपुरतीच प्रतिज्ञा करावी आणि तेलविहिरीच्या पंपावर सौर पॅनेल बसवून त्याचे छायाचित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर घ्यावे. सिमेंटवाल्यांना ही सोय नाही. चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टी कशावरही चालवली तरी, आणि तो थेट स्कोप १मध्ये येऊन बसतो. अशांनी एकूण टनांऐवजी दर टन मालामागचे उत्सर्जन सांगावे. ते ३० टक्क्यांनी घटले आणि उत्पादन दुप्पट झाले, तर एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढते, तरीही सभेत टाळ्या ३० टक्क्यांनाच पडतात.

आता भरपाईकडे, म्हणजे आपल्या धुराचा हिशेब दुसऱ्याच्या कामाने मिटवण्याकडे, वळू. आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याची ही राजमान्य जागा आहे. बाजारात दोन प्रकारची कार्बन क्रेडिट, म्हणजे इतरत्र काढून घेतलेल्या किंवा टाळलेल्या उत्सर्जनाची विकत मिळणारी प्रमाणपत्रे, मिळतात. एका प्रकारात हवेतला कार्बन खरोखर काढून घेतलेला असतो; तो महाग आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या प्रकारात, एखादे जंगल तोडले जाणार होते आणि आपल्या पैशामुळे ते वाचले, असे मानले जाते. ते खरोखर तोडले जाणार होते का, हे सिद्ध करता येत नाही, कारण जे घडलेच नाही त्याची मोजणी कल्पनेच्या आधारेच करावी लागते. जितकी भयंकर तोड कल्पावी, तितकी जास्त क्रेडिट निघतात. शिवाय वाचलेल्या जंगलामुळे आपल्या धुराड्यातून गेलेला वायू हवेतून कमी होत नाही, ही बारीकशी गोष्ट उरतेच. पण ती रसायनशास्त्राची आहे, लेखाशास्त्राची नव्हे.

झाडे लावायची असतील तर अवश्य लावावीत. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन जाळून मोकळा करायचा आणि त्याची जबाबदारी एका रोपट्यावर टाकायची, ही विभागणी दिसायला फार सुंदर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बूटलेग नावाचा वणवा पेटला, त्यात क्रेडिट विकलेल्या जंगलाचा भाग जळाला. अशा वेळी राखीव ठेवलेल्या क्रेडिटमधून तूट भरून काढतात, त्यामुळे खरेदीदाराच्या प्रमाणपत्राला चटकाही बसत नाही.

कोणी फारच खोदून विचारले, तर तंत्रज्ञानाचे नाव घ्यावे. आइसलँडमध्ये हवेतून थेट कार्बन शोषणारा एक कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ३६,००० टन आहे. जग जीवाश्म इंधनांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे असे दहा लाखांहून अधिक कारखाने पूर्ण क्षमतेने चालले की प्रश्न मिटला. हा भागाकार आपण स्वतःहून करून दाखवू नये.

काही कागदपत्रे कचेरीत ठेवू नयेत. कंपन्यांची हवामान-लक्ष्ये तपासणाऱ्या विज्ञानाधारित लक्ष्यांच्या उपक्रमाने २०२१ मध्ये काढलेले मानक सर्वसाधारणपणे किमान ९० टक्के घट स्वतःच्याच मूल्यसाखळीत, म्हणजे पुरवठादारापासून ग्राहकापर्यंत, मागते आणि उरलेल्या थोडक्यासाठीच, तेही हवेतून खरोखर काढून घेऊन, भरपाईला परवानगी देते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये तर असे सुचवले की, नव्या जीवाश्म इंधन प्रकल्पांत पैसा घालत राहून निव्वळ शून्याचा दावा करता येणार नाही. असे अडाणी वाटावे इतके सरळ बोलणारे लोक कोणत्याही सभेचा रसभंग करतात.

युरोपात माल विकत असाल तर वेष्टनांबाबत सावध राहावे. केवळ भरपाईच्या आधारे उत्पादनाला कार्बन न्यूट्रल म्हणवण्यावर युरोपीय संघाने २०२४ मध्ये बंदी घातली असून ती सप्टेंबर २०२६ पासून लागू होते, तेव्हा तसा मजकूर छापलेली वेष्टने तेथे चालणार नाहीत. ती प्लॅस्टिकची असतील तर स्वतःच्या आवारात मात्र जाळू नयेत, कारण तो धूर स्कोप १मध्ये मोजावा लागतो. बाहेरच्या कंत्राटदाराकडून जाळून घ्यावीत, म्हणजे तो स्कोप ३मध्ये जाईल.