साहेब, ती प्रेसनोट मीच छापली होती

साहेब,

पोलीस आरोपींना बुरखे घालून फोटोसाठी माध्यमांपुढे बसवतात, ते चुकीचं आहे असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुम्ही मला चांगलंच झापलंत. चौतीस वर्षांची नोकरी करून पीआय (पोलीस निरीक्षक) म्हणून निवृत्त झालेला माणूस एवढं सविस्तर लिहितो, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रात्री अकरापर्यंत ठाण्याच्या बाकड्यावर बसून ‘साहेब, पहिल्या पानाचं काहीतरी द्या’ म्हणणारे आम्ही पत्रकार, आणि आता पोलिसांना कायदा शिकवणारेही आम्हीच. पोलीस बोलले तर मीडिया ट्रायल, गप्प बसले तर लपवाछपवी. शिवाय एफआयआरबाबत मी चुकीचं लिहिलं, असंही तुम्ही म्हणालात.

बाकड्याचं शंभर टक्के खरं. नुसता बाकड्यावर बसलो नाही, तर हातात पडलेली प्रेसनोट स्वल्पविराम न बदलता छापली. तुम्हाला तो मजकूर पाठ असेल. ‘गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाल्याने सापळा रचून शिताफीने ताब्यात घेतले, विश्वासात घेऊन विचारपूस केली असता गुन्ह्याची कबुली दिली.’ खाली ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ म्हणून येणाऱ्या वरिष्ठांपासून पोशि म्हणजे पोलीस शिपायापर्यंत दहा-बारा नावं. जागा कमी पडली की आम्ही खालून नावं उडवायचो, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलं की उडालेला शिपाई तोंड फिरवून बसलेला असायचा. तोंड फक्त त्याचंच फिरायचं, वरिष्ठांचं नाही, कारण ‘विश्वासात घेऊन’ म्हणजे काय, हे विचारण्याची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत नव्हती.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं. आता नव्या साक्ष अधिनियमातलं कलम २३ तेच सांगतं. मथळ्याला मात्र आम्हाला ‘कबुली’ हाच शब्द लागायचा.

त्या लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आता लिहितो. एका तालुक्याच्या गावी घरफोडीत चार पोरं पकडली. टेबलावर मुद्देमाल, मागे अधिकारी, पुढे काळे बुरखे घालून उकिडवी बसवलेली पोरं. फोटो आमच्याच माणसाने काढला, बातमी माझी. त्यातल्या एकाच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या, एकीचा पट्टा निळा, दुसरीचा पांढरा. चेहरा झाकलेला होता, पण गल्लीने पायांवरून ओळखलं. गॅरेजवाल्याने दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. तीन वर्षांनी पोरगा निर्दोष सुटला आणि निकालाची झेरॉक्स घेऊन आमच्या कचेरीत आला. मी सातव्या पानावर सात ओळी छापल्या. फोटो नाही. ‘तेव्हा चार कॉलम होते ना?’ एवढंच तो म्हणाला.

तुम्ही विचारता, पोलिसांनी करायचं काय? साहेब, हे गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१०च्या सूचनापत्रातच लिहून ठेवलंय. बोलायचं ते नेमलेल्या अधिकाऱ्याने, तेही साधारण चार टप्प्यांवर: गुन्हा दाखल झाल्यावर, अटक झाल्यावर, दोषारोपपत्र गेल्यावर आणि निकाल लागल्यावर. पहिल्या ४८ तासांत घटना घडली, गुन्हा दाखल झाला, तपास सुरू आहे, याहून जास्त बोलायचं नाही. अटक केलेल्यांना माध्यमांपुढे मिरवायचं नाही. आणि आता तर गुंडाची ‘दहशत मोडायला’ त्याच्याच वस्तीतून धिंड काढतात आणि तिचे रील फिरतात. १३ सप्टेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यायची याची सविस्तर नियमावली करायला गृह मंत्रालयाला तीन महिने दिले, ते काही उगाच नाही.

आणि हे फक्त घरफोडीतल्या पोरांपुरतं नाही. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेलं एल्गार परिषद प्रकरण कोर्टात असताना ३१ ऑगस्ट २०१८ला बड्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत आरोपींची म्हणून पत्रं वाचून दाखवली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसं केलंत, असं मुंबई उच्च न्यायालयाने ३ सप्टेंबरला विचारलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड अल्पमतात राहिले, पण पोलिसांच्या या वागण्यावर त्यांनी कडक ताशेरे ओढले. २००६च्या मालेगाव स्फोटात आधी पकडलेले २०१६मध्ये दोषमुक्त झाले. पकडले तेव्हाच्या बातम्या आणि सुटले तेव्हाच्या बातम्या एकदा शेजारी ठेवून पाहा. यात आमचाही वाटा आहे, नाही म्हणत नाही.

गप्प बसलं की अफवा पसरतात, हा तुमचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य. जुलै २०१८मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. एप्रिल २०२०मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात झालेल्या साधूंच्या हत्याकांडाला धार्मिक रंग द्यायला लागले, तेव्हा गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. अशा वेळी ठाण्याने लवकर बोलावं, स्पष्ट बोलावं, दिवसातून दोनदा बोलावं.

पण रोजच्या कामात काय दिसतं? अटक केलेल्यांची नावं-पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावायचं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं. तुमच्या जवळच्या ठाण्यात जाऊन तो फलक शोधा. फिर्यादीला नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते कळवायचं, हे त्याच संहितेच्या कलम १९३मध्ये आहे. माझ्या मेव्हणीचं मंगळसूत्र हिसकावलं, तिला अजून ‘तपास चालू आहे, ताई’ हेच ऐकू येतं. माहितीच्या अधिकारात विचारलं तर त्या कायद्याचं कलम ८(१)(ज), म्हणजे तपासाला बाधा, एका ओळीत विषय संपला. बाधा कशी येते ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्येच म्हटलंय. त्याच ठाण्याचा प्रेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा फोटो मात्र अटकेनंतर तासाभरात येतो.

आता एफआयआर. प्रत्येक एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावाच लागतो, असं मी ठोकून दिलं होतं. तुमचं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६च्या आदेशात लैंगिक गुन्हे, पॉक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळली आहेत. संपर्कयंत्रणेची अडचण असेल तर मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. एफआयआर संवेदनशील आहे की नाही, हे डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालच्या अधिकाऱ्याला ठरवता येत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आणि ती तुमच्यामुळे झाली असंही तिथे लिहिलंय. नाव घालू का, ते कळवा.