कोणाकडून आलात?

ठाण्यात पडक्या इमारतीचा फोटो काढणं अवघड नाही. अवघड आहे ती पडकी इमारत रिकामी सापडणं. माझं पोट लग्नं, मुंजी आणि डोहाळजेवणांवर चालतं, आणि तिथे मिळवलेलं मी पडक्या भिंतींवर उडवतो. अनुभव असा, की भरल्या सोसायटीत दुपारी बेल वाजवली तर कोणी दार उघडत नाही. पण वीज-पाणी तोडून रिकामी केलेल्या इमारतीसमोर नुसता ट्रायपॉड उघडा, पाच मिनिटांत कोरम पूर्ण होतो. आणि पहिला प्रश्न ठरलेला : "कोणाकडून आलात?"

"कोणाकडून नाही, आवड म्हणून" हे उत्तर इथे खपत नाही. आवडीने माणूस मामलेदारची मिसळ खातो. सी-१ इमारतीसमोर उन्हात उभा राहतो तो कोणाचा तरी माणूस असणारच. सी-१ म्हणजे काय, हे ठाणेकरांना सांगायला नको. दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी, सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती, सी-२ए म्हणजे माणसं बाहेर काढून दुरुस्ती, आणि सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. बाकीचे लोक ही यादी धास्तावून वाचतात, मी कामाचं वेळापत्रक म्हणून वाचतो.

परवा नौपाड्यात असाच एका दुमजलीसमोर उभा होतो. बनियनवरचे एक काका रस्ता ओलांडून आले.

"बिल्डरकडून का?"

"नाही."

"मग पालिकेकडून."

"नाही हो काका, मी फोटोग्राफर आहे."

"ते दिसतंय. पण कोणाचे?"

एवढ्यात समोरच्या गॅलरीतून बाईंचा आवाज आला, "अहो, त्यांना विचारा ना, आमचा नंबर कधी!" आणि आतून वॉचमन आला. चिपळूणकडचा, वयस्कर, एकदम शांत. त्याने मला नीट ऐकून घेतलं, इमारतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाडायचीच आहे ना सायेब? मग फोटो कशाला?" कलासमीक्षेची जाडजूड पुस्तकं चाळली मी, पण याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आत मात्र सोडलं त्याने. पहिल्या जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या खचलेल्या, मीटरच्या पेट्या उचकटून नेलेल्या, कठड्याचं सागवान गायब. पण जिन्याच्या कोपऱ्यात, लोकांनी थुंकू नये म्हणून ओळीने लावलेल्या देवांच्या टाइल्स जशाच्या तशा. गणपती, साईबाबा, मक्का आणि येशू. वरची भिंत पोपडे सुटून विटांवर आलेली, आणि टाइल्सवर पिंकेचा एक शिंतोडा नाही. माणसं गेली तरी धाक शिल्लक होता. हा फोटो मला आवडतो. बायकोला तो टाइल्सच्या दुकानाचा वाटतो.

बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९पासून कारखान्यांच्या भट्ट्या नि पाण्याच्या टाक्या टिपण्यात आयुष्य घातलं. पद्धत एकच : समोरून, सरळ, ढगाळ उजेडात, म्हणजे सावल्या मध्ये येत नाहीत. ढगाळ उजेड आमच्याकडे जून ते सप्टेंबर फुकट मिळतो. पण नेमके तेच चार महिने प्रत्येक जुनी इमारत निळी ताडपत्री पांघरून बसते. दसऱ्याच्या सुमारास ताडपत्री उतरते आणि त्या जागी कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. बेखरबाईंना भट्टीवर असा फ्लेक्स कधी आडवा आला असेल, असं वाटत नाही.

त्यात इमारत खालून टिपली की वर निमुळती होत मागे कलते. ती सरळ यावी म्हणून टिल्ट-शिफ्ट नावाची लेन्स मिळते, पण तिच्या किमतीत दोन मुंजी सहज लागतात. नाहीतर स्वतः मागे सरका. नौपाड्याच्या गल्लीत मागे सरकायला दोन पावलं जागा असते. तिसऱ्या पावलाला रिक्षा. रिक्षावाला मात्र कोणाकडून आलात वगैरे विचारत नाही. तो म्हणतो, "घर पे बोल के आया क्या?"

मित्र म्हणाला, इमारतींचा नाद सोड, निसर्ग टिप. डोंगर निदान जागचा हलत नाही. म्हणून नवी मुंबईत उलव्याला गेलो. तिथे विमानतळासाठी नव्वदेक मीटरची उलवे टेकडी सुरुंग लावून उतरवत होते आणि उलवे नदीचं पात्रही वळवलं होतं. माझ्याकडच्या फोटोंत ती टेकडी दर खेपेला थोडी बुटकी होत जाते. खाडीकाठी फ्लेमिंगोवाले हातभर लेन्स लावून रांगेत उभे असतात; त्यांना कोणी विचारतं का, कोणाकडून आलात म्हणून? पक्ष्याला रिडेव्हलपमेंट नसते, दुसरं काय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये युजीन आत्जे असेच जुने जिने, दारं, गल्ल्या टिपत हिंडायचा. 'कलाकारांसाठी दस्तऐवज' म्हणून तो ते फोटो चित्रकारांना विकायचा. ठाण्यात असं गिऱ्हाईक कुठून येणार, असं मी धरूनच चाललो होतो. तर गेल्या महिन्यात चरईतल्या एका काकूंचा फोन आला. त्यांची इमारत रिकामी व्हायच्या आधी मी त्यांची गॅलरी टिपली होती. दुपारचं ऊन, मोझॅकच्या फरशीवर पडलेली गजांची जाळी.

"अरे, तुझ्याकडे आमच्या गॅलरीचा फोटो आहे ना? बिल्डर म्हणतो, ती बंद केलेलीच नव्हती. कार्पेट एरियातून उडवतोय मेला, म्हणजे नव्या घरात तेवढी जागा कमी."

मी उत्साहाने तो फोटो पाठवला. उजेड कसा आलाय, हेही लिहिलं.

"उन्हाचं राहू दे. स्लायडिंगच्या काचा स्पष्ट दिसायला हव्यात. आणि तारीख टाक खाली."

तारीख टाकून पाठवला. सोबत जिन्याचाही दिला. अर्ध्या तासाने परत फोन.

"छान आहे हो. फक्त जिन्यात आमचं चपलांचं कपाट दिसतंय, तेवढं पुसून टाक. ते कॉमन पॅसेजमध्ये येतं."

गॅलरीचे मी पैसे घेतले नाहीत. कपाट पुसायचे घेतले.