राजम्याचे चार-पाच दाणे

काल आईकडे गेले तर ओट्यावर वाटीभर राजमा भिजलेला आणि शेजारी त्याचंच लालसर पाणी पेल्यात गाळून ठेवलेलं. "हे सकाळी अनशापोटी प्यायचं आणि राजमा चावून खायचा. कच्चाच." कोणी सांगितलं? व्हॉट्सॲपने. 'कडधान्य शिजवलं की सत्त्व मरतं. कुकर प्रोटीन जाळतो. कुठलंही कडधान्य आठ तास भिजवून कच्चं खा, पाणी फेकू नका. अख्खं धान्य पोटात कुजतं.' खाली हात जोडलेले. भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे तीनदा येऊन गेलंय.

'कुठलंही' म्हणे! राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, भरपूर असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, स्वच्छ लिहून ठेवलंय की कच्चे चार-पाच दाणेसुद्धा त्रास व्हायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, जबर उलट्या, मग जुलाब. आईची वाटी तर गच्च भरलेली होती. एफडीएचाच सल्ला असा: किमान ५ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटं खळखळून उकळा. मेसेज जे प्यायला सांगतो, तेच हे फेकायला सांगतात. आणि कोमट आचेवर ठेवून 'थोडंसं मऊ' करणाऱ्यांनीही ऐकावं: ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्याहून पाचपट विषारी ठरू शकतो. कुकरमध्ये नीट शिजवला की प्रश्नच मिटतो.

कुकर प्रोटीन जाळतो? उलट कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. मोड आले की सी जीवनसत्त्व वाढतं आणि शिजवताना त्यातलं बरंच जातं. मग उसळीवर लिंबू पिळा, झालं. मूग-मटकीचे कच्चे मोडही निर्धोक नसतात. ओलाव्यात, उबेत जे दाण्याला मानवतं ते जंतूंनाही मानवतं. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई-कोलाय नावाचा जिवाणू पसरला आणि ५० हून जास्त माणसं दगावली. वाफ तरी काढा.

राहिलं अख्खं धान्य 'कुजण्याचं'. न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं आहे, थोडा गॅस होतो, बस. ज्या आत्याने आमच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या, तीच हा मेसेज पुढे पाठवते, याला काय म्हणावं? रात्री गहू आणि हरभरे भिजत घाला, सकाळी पाणी बदलून कुकरला लावा, हिंग-जिऱ्याची फोडणी, मीठ, ओलं खोबरं. चार वाजता बिस्किटाच्या पुड्यापेक्षा स्वस्त पडतं आणि जेवणापर्यंत पोटाला आधार देतं.

पेल्यातलं पाणी मी मोरीत ओतलं, राजमा कुकरला लावला. मेसेज मात्र आईने काढलेला नाही. "राहू दे गं, खाली काढ्याची कृती आहे."