200 बारवर आक्षेप घेणाऱ्या सरांना उत्तर

सर नमस्कार, खडकात गुहा खोदून, आतून स्टीलचा पत्रा लावून त्यात 200 बार दाबानं (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण 200 पट) हायड्रोजन साठवणं सेफ आहे असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावर तुमचा आक्षेप आला. उत्तराला चार दिवस लागले कारण तुमचं गणित आधी वहीवर स्वतः करून बघितलं. तुम्ही म्हणायलात की आपला बेसाल्ट घनमीटरला 2.8 टन धरला तर 100 मीटर खडकाचं वजन 27-28 बारच भरतं, मग खालच्या गुहेत 200 बारनं हायड्रोजन भरला तर वरची जमीन उचलली जाणार, आणि किल्लारी पाहिलेल्या माणसानं असलं लिहावंच कसं.

वजनाचा आकडा एकदम बरोबर आहे. पण जमीन उचलायला डोक्यावरचा तेवढाच खांब उचलून भागत नाही, वर पसरत जाणारा खडकाचा अख्खा उलटा शंकू तुटून सुटावा लागतो, म्हणजे वजनासोबत खडकाची पकडही मोजावी लागते. स्वीडनमध्ये हाल्मस्टाडजवळ स्कालेनला डोक्यावर साधारण 115 मीटर खडक ठेवून नैसर्गिक गॅस 200 बारपर्यंत साठवलाय, आणि लुलेओला 2022 मध्ये हायड्रोजनची 100 घनमीटरची छोटी गुहा चालू झाली, जमिनीखाली 30 मीटरवर, ती 250 बारपर्यंत जाते.

आता माझी चूक. हे आकडे मी असे लिहिले की जणू तेच इथं चालतील. तिकडचा खडक जुना, कणखर, आपल्याकडं लाव्ह्याचे आडवे थर. औशाकडं आमच्या विहिरीचं काम चालू होतं तेव्हा मी आत उतरलो होतो, वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण जिथं सुरुंगाशिवाय काम पुढं सरकेना, आणि त्या पाषाणाच्या बुडाला हातभर तांबडा गेरू, नखानं उकरला तरी निघायचा. अशा थरावरून वरचा खडक सुटा होऊ शकतो, तिथं शंकूचं गणित जसंच्या तसं लावायचं नाही.

तुम्ही पत्रा फाटायचंही लिहिलंय. ट्रॅक्टरची ट्यूब नुसती फुगवली तर लगेच बेढब होते, टायरात घातली की टिकते, कारण जोर टायर झेलतो, ट्यूब फक्त हवा धरते. इथं टायर म्हणजे खडक, ट्यूब म्हणजे स्टीलचं अस्तर, मधलं काँक्रीट जोर खडकाकडं पोचवतं. म्हणून खडक किती दबतो हे महत्त्वाचं: 15 मीटर त्रिज्येची गुहा, 200 बार, खडक चांगला घट्ट (दाबाला किती दबतो त्याचं माप 20 गिगापास्कल) धरला तर भिंत साधारण 19 मिलिमीटर सरकते, अस्तराला साधारण 0.125 टक्के ताण, म्हणजे ते मूळ लांबीच्या तेवढं ताणलं जातं. तोच खडक चौपट मऊ निघाला तर 75 मिलिमीटर आणि अर्धा टक्का ताण, तिथं साधं स्टील कायमचं ताणलं जातं. शिवाय काँक्रीटला तडा गेला तर तिथं पत्र्यावर जास्तच ताण येतो, टायर चिरला की ट्यूब नेमकी तिथंच बाहेर येते ना, तसं. त्यात हायड्रोजनमुळं वारंवारच्या ताणात स्टीलची भेग लवकर वाढते, म्हणून रोज 50 ते 200 बार चढउतार करणं आणि 150 ते 200 मध्ये राहणं यात फार फरक आहे.

आणि एक गोष्ट तुमच्याही आणि माझ्याही लिहिण्यातून सुटली, खालची मर्यादा. पावसाळ्यात रिकाम्या शेततळ्याचा कागद खालून पाणी शिरून फुगलेला तुम्ही पाहिला असेल. गुहेतलं प्रेशर फार उतरवलं तर बाहेरचं पाणी पत्र्याला तसंच आत ढकलतं, म्हणून अस्तरामागून पाणी काढून द्यायची सोय करतात आणि गॅस सहसा पूर्ण काढत नाहीत.

किल्लारीबद्दल. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही, विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. जमिनीखालच्या कामाला हादरे वरच्या घरांपेक्षा सहसा कमी बसतात हे खरं, पण जमीनच एका रेषेवर सरकली तर कुठलंच अस्तर टिकत नाही, आणि किल्लारीजवळ जमीन फाटून वर आलेली दिसली होती. त्यामुळं भेगेवर किंवा तिच्या जवळपास गुहा नको, यावर मी तुमच्याच बाजूला आहे.

तर इथला आकडा किती? बोअर घेऊन, खोलवर थोडा भाग बंद करून, पाण्याचं प्रेशर वाढवत न्यायचं आणि भेग किती बारला उघडते ते बघायचं, थर न् थर गाभा काढून तपासायचा, त्याआधी मी आकडा देणार नाही. मूळ लेखातलं “200 बार सेफ आहे” हे वाक्य आज काढलंय. तुम्ही पाटबंधारेत असताना घेतलेल्या बोअरच्या थरांच्या नोंदी अजून जवळ असतील तर गेरू किती मीटरवर लागला तेवढं कळवा, पुढचा लेख त्यावरच लिहायचाय.