पॉइंट कव्हर करायचेत म्हणे!

पॅरिसमध्ये एकाच दिवसात आयफेल टॉवर, मोनालिसावालं लुव्र म्युझियम, नोत्र दाम चर्च आणि वर संध्याकाळी सीन नदीत बोट. टूरवाल्यांनो, तुमच्या घरात लहान पोरं नाहीत का हो? माझी थोरली चार वर्षांची, धाकटा दीड, जळगावहून निघाल्यापासून झोपेचं पार खोबरं झालेलं, आणि तुम्ही घड्याळ दाखवून चला चला करताय! 1900 साली सुरू झालेली ती मेट्रो, जिन्यामागून जिने, बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाहीच, मग एका हातात बाबागाडी, काखेत पोरगं, खांद्यावर दशम्या-चटणीची पिशवी, कोण उचलणार हे सगळं? आयफेलला लिफ्टची रांग मोठी म्हणून काय तर "जिन्याने जाऊ, वेळ वाचेल". अहो, दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या आहेत त्या!!

लक्झेंबर्ग बागेच्या तळ्यात लाकडी शिडाच्या होड्या बघून पोरगी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, काठावर पालथी पडून काठीने होडी ढकलत होती, तर पाचव्या मिनिटाला तुमची शिट्टी. रडत रडत मागे बघत राहिली ती, बाह्या ओल्याच. तिला मोनालिसा काय करायचीय? होडी हवी होती तिला! अर्धा तास थांबलो असतो तर काय बिघडलं असतं तुमचं?